सल्ला हवा: 'सुपर मारिओ ६४ डीएस' घ्यावा, की मूळ खेळच पुन्हा खेळावा?

टोपीवाला

मंडळी, जुना थ्रीडीएस (निंटेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र) कपाटातून बाहेर काढलाय. बॅटरी अजून टिकते, बिजागर थोडं सैल झालंय, बाकी ठणठणीत. प्रवासात खेळायला उड्याबिड्या मारायचं काहीतरी हवंय. 'सुपर मारिओ ६४' मी निंटेंडो ६४ वर पूर्ण केला होता, १२० च्या १२० तारे. आता त्याचीच २००४ ची डीएस आवृत्ती (डीएस म्हणजे थ्रीडीएसच्या आधीचं यंत्र) सेकंडहँड मिळतेय. ताऱ्यांची संख्या १५० केलीय आणि मारिओशिवाय योशी, लुईजी, वारिओ पण खेळता येतात, एवढं वाचलंय.

घोडं अडलंय ते कंट्रोल्सवर. डीएसला अॅनालॉग स्टिक, म्हणजे जितकी ढकलाल तितका वेग देणारी दांडी, नव्हती. मग हा खेळ खेळतात तरी कसा? थ्रीडीएसवर सर्कल पॅड (अंगठ्याने सरकवायची गोल चकती) आहे, त्याने काम भागतं का? आणि मूळ खेळ पाठ असलेल्याला यात नवीन काही सापडेल का? घरात स्विच (निंटेंडोचं त्यानंतरचं यंत्र) आहे, पण तो माझ्या वाट्याला क्वचितच येतो.

ढगावरचं कासव

घ्या डोळे झाकून. सुरुवातीला हातात मारिओ नसून योशी असतो, माझ्यासाठी एवढ्यावरच पैसे वसूल. :)

चौकोनी पिक्सेल

डोळे झाकून अजिबात नको. मी हा खेळ डीएसवर आणि थ्रीडीएसवर, दोन्हीकडे खेळले आहे. सविस्तर लिहिते.

आधी सर्कल पॅडचं. थ्रीडीएसमध्ये डीएसचं कार्ट्रिज घातलं की सर्कल पॅड हा निव्वळ डी-पॅडचा (अधिकच्या चिन्हासारख्या दिशाबटणाचा) सोंगाड्या. हाताला गोल फिरतो, पण खेळापर्यंत पोचतात त्या आठच दिशा. किती ढकललं याचा हिशोब नाही, त्यामुळे सावकाश चालायचं असेल तर नुसती दिशा आणि धावायचं असेल तर सोबत वाय बटण. चालीचे दोनच वेग. मूळ खेळ आणि ती स्टिक एकमेकांना धरून घडवलेले होते. झोपलेल्या पिरान्या रोपाजवळून चवड्यांवर सरकत जायची गंमत तिथली. इथे ती बटणावर येते आणि अर्धी विरते.

हे सगळीकडे सारखं टोचत नाही. बॉब-ऑम्बच्या मैदानात किंवा बर्फाच्या डोंगरावर फारसं जाणवणारही नाही. त्रास होतो तो अरुंद फळ्यांवर, आणि फळी कॅमेऱ्याला तिरकी असेल तर जास्तच. 'टिक टॉक क्लॉक' आणि 'रेनबो राइड' या लेव्हलमध्ये मी वैतागले होते. सरळ जायचं असतं आणि मारिओ नागमोडी चालतो. यावर तोडगा आहे. उडी मारायच्या आधी एल बटण दाबून कॅमेरा पाठीमागे आणायचा. मग तीच फळी तुमच्यासाठी सरळ 'वर' होते आणि आठ दिशा पुरतात. ही सवय लागेपर्यंत खेळ बंद करून ठेवायची इच्छा होईल, तेव्हा थोडा धीर धरा.

दुसरा पर्याय टचस्क्रीनचा. जिथे बोट टेकवाल तो मध्य, तिथून जितकं लांब ओढाल तितकी चाल वाढते. म्हणजे खरीखुरी अॅनालॉग चाल. सुरुवातीच्या डीएससोबत अंगठ्यात अडकवायचा एक पट्टा यायचा, तो यासाठीच. काही लोक या पद्धतीवर फिदा आहेत. माझा अंगठा सारखा घसरायचा, मी डी-पॅडवर परतले.

आता नवीन काय ते. इथे मात्र मी खेळाच्या बाजूने आहे. मारिओ, लुईजी आणि वारिओ किल्ल्यात शिरून गायब होतात आणि त्यांना सोडवायचं काम योशीकडे येतं. योशीला ठोसा मारता येत नाही, म्हणून तुमच्या पाठांतराला पहिल्याच बॉसपाशी सुरुंग लागतो. आठवतंय ना, बॉब-ऑम्बच्या राजाला मागून उचलून आपटायचं असतं? योशीला ते जमत नाही. राजा जे बॉम्ब फेकतो ते गिळायचे आणि त्याच्याच अंगावर थुंकायचे. डोंगर तोच, राजा तोच, आणि तरी लढाई वेगळी. रीमेक करायचा तर असा, असं मला त्या क्षणी वाटलं.

चौघांचे गुणही नीट वाटले आहेत. भिंतीवरून उलटी उडी फक्त मारिओला जमते. लुईजी उंच उडतो, वर थोडा वेळ पाण्यावरून धावतो. वारिओ संथ, पण काळ्या विटा फोडायच्या तर तोच हवा. मूळ खेळात तीन रंगांच्या टोप्या होत्या, त्यांच्या बहुतेक शक्ती आता एका फुलात आहेत आणि फूल कोण घेतो त्यावर परिणाम ठरतो. मारिओ फुग्यासारखा फुगून तरंगतो, लुईजी आरपार होतो, वारिओ धातूचा होतो आणि योशी आग ओकतो.

याची दुसरी बाजू म्हणजे हेलपाटे. अर्ध्या लेव्हलमध्ये कळतं की इथे वारिओ लागणार होता. मग बाहेर पडा, किल्ल्यात जा, माणूस बदला, परत या. काही ठिकाणी दुसऱ्याची टोपी सापडते, ती घातली की तुम्ही तोच होता, पण एक फटका बसला की टोपी उडालीच. हे हेलपाटे मला शेवटी शेवटी नकोसे झाले.

ससे पकडून मिनीगेम उघडतात तो भाग चांगला आहे. बस दोन थांब्यांवर येऊन ठेपली असेल तर तारा मिळवायला वेळ नसतो, पण लुईजीसोबत पत्त्यांचा एक डाव होतो. हातातल्या यंत्रासाठी विचार करून घातलेली खेळातली ही एक गोष्ट.

दिसण्याबद्दल: पात्रांचे आकार मूळपेक्षा रेखीव आहेत, पण डीएसला टेक्स्चर गुळगुळीत करता येत नाही, त्यामुळे भिंती आणि गवत खरखरीत दिसतं. आणि थ्रीडीएस डीएसचे खेळ ताणून दाखवतो, त्याने सगळं धुरकट होतं. खेळ सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरा, मग तो मूळ आकारात, लहान पण स्वच्छ दिसेल. हे एवढं तरी नक्की करा.

लांबउडी

चौकोनी पिक्सेल यांच्या कॅमेऱ्याच्या तोडग्याला +१. हेलपाट्यांबद्दल मात्र असहमत. कोणता तारा कोणाचा हे ओळखणं हेच तर कोडं आहे. नाहीतर १२० तारे पाठ असलेल्या माणसाला हा खेळ कशाला हवा?

चौकोनी पिक्सेल

ओळखण्याला हरकत नाहीच हो. ओळखल्यानंतरच्या पायपिटीला आहे. खेळाच्या मधेच पात्र बदलायची सोय दिली असती तर कोड्याचं काय बिघडलं असतं?

अडगळ

माझं मत वेगळं. त्रिमितीतले उड्यांचे खेळ छोट्या पडद्यावर आणताना कंट्रोल्सची मारामारी होते, सपाट खेळ आणताना पडद्याची. दुसरी मारामारी मला परवडते, कारण ती कारागिराला जिंकता येते. जिंकली नाही तर काय होतं, तेही उदाहरणासकट बघू.

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) चं गेम बॉय कलरवरचं १९९९ चं 'डीलक्स' रूप घ्या. मूळ चित्र २५६ बाय २४० चं, गेम बॉय कलरचा पडदा १६० बाय १४४ चा. पिक्सेल मोजले तर जेमतेम ३७ टक्के. त्यांनी मारिओला लहान केलं नाही, चित्राच्या कडा कापल्या. त्यामुळे दाराच्या फटीतून मिरवणूक बघावी तसा तो खेळ दिसतो. हातोडेवाले कासव भाऊ दिसेपर्यंत त्यांचा हातोडा निघालेला असतो, आणि खड्ड्याचा पलीकडचा काठ दिसायच्या आधी उडी मारावी लागते. वर-खाली दाबून चित्र थोडं सरकवता येतं, पण धावताना ते कोण करणार? आणि तरीही मी तो खेळ लोकांना सुचवतो, कारण भोवतीचं काम मन लावून केलंय. प्रगती सेव्ह होते. चॅलेंज प्रकारात प्रत्येक लेव्हलमध्ये लाल नाणी आणि लपवलेलं योशीचं अंडं शोधायचं. बू नावाच्या भुतासोबत शर्यत आहे. मूळ खेळात तीन लाख गुण केले की तो जपानमधला महाकठीण दुसरा भागही उघडतो. ज्याला मूळ लेव्हल पाठ आहेत त्याला कापलेला पडदा फार आडवा येत नाही. नवख्याला मात्र हा खेळ देऊ नका, उगाच मारिओवरून मन उडायचं.

उलट बाजूला गेम बॉय अॅडव्हान्सवरचं 'सुपर मारिओ अॅडव्हान्स ४' (२००३), म्हणजे तिसऱ्या मारिओचा रीमेक. पडदा २४० बाय १६०. रुंदी जवळपास मूळइतकी आणि हा खेळ आडवाच धावतो, त्यामुळे पुढचं दिसतं. उंची कापली गेलीय, पण निभावतं. पहिल्या गेम बॉय अॅडव्हान्सला पडद्यामागे दिवाच नव्हता, म्हणून त्या काळातल्या अशा अनेक रूपांतरांचे रंग मुद्दाम फिकट केलेले असत. आज उजळ पडद्यावर ते धुतल्यासारखे दिसतात, तेवढं सोसावं लागतं.

धागाकर्त्यांसाठी महत्त्वाचं: थ्रीडीएसमध्ये गेम बॉय अॅडव्हान्सचं कार्ट्रिज बसत नाही. ती खाच पहिल्या डीएसला आणि डीएस लाइटला होती, डीएसआयपासून गेली. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकानही मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद झालं. म्हणजे 'अॅडव्हान्स' मालिका खेळायची तर स्विचवरच्या ऑनलाइन सभासदत्वाच्या एक्स्पान्शन पॅकमधून. मूळ 'मारिओ ६४' सुद्धा तिथेच आहे, आणि तिथे खरी स्टिक मिळते. स्विचही हातात धरूनच खेळतात की!

ढगावरचं कासव

अहो, त्यांनी सांगितलंय ना, स्विच वाट्याला येत नाही म्हणून!

अवांतर: कोणी '२००६ चा गेम बॉय अॅडव्हान्सवरचा सॉनिक' सुचवायच्या आत सांगून ठेवतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. १९९१ चा पहिला सॉनिक, पंधराव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने काढलेला. वेग हाच ज्याचा जीव, तोच खेळ अडखळत चालतो आणि संगीताची वाट लावलीय. वर मूळ खेळात नसलेला स्पिन डॅश (जागच्या जागी गिरकी घेऊन सुसाट सुटणं) दिलाय, म्हणजे इंजिन बिघडलेल्या गाडीला नवा हॉर्न. त्याच खेळाचं २०१३ चं मोबाइलवरचं रूप ख्रिश्चन व्हाइटहेड आणि सायमन थॉम्ली यांनी नव्याने बांधलं, ते रुंद पडद्यावर लोण्यासारखं चालतं. सॉनिकऐवजी टेल्स आणि नकल्स ही पात्रंही घेता येतात. फक्त काचेवर बोटं घासून उड्या मारायची तयारी हवी.

टोपीवाला

सगळ्यांचे आभार. थ्रीडीएसमध्ये काय बसतं आणि काय नाही हे कळलं हे फार बरं झालं, मी 'अॅडव्हान्स ४' चं कार्ट्रिज बघून ठेवलं होतं.

आठ दिशांचं वाचून थोडा हिरमुसलो, पण योशीची बॉम्ब गिळायची लढाई बघायचीच आहे. दोन शंका. विकणाऱ्याकडचं कार्ट्रिज जपानी आहे, चालेल का? आणि सेव्हची बॅटरी मेलेली असण्याची भीती आहे का? शिवाय, या खेळाने अगदीच निराशा केली तर थ्रीडीएसमध्ये बसणारं दुसरं काय?

चौकोनी पिक्सेल

डीएसच्या खेळांना प्रदेशाचं कुलूप नव्हतं, त्यामुळे जपानी कार्ट्रिज चालेल. पण मजकूर जपानीत असेल. तारा कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असल्याने मुख्य खेळ निभेल, पात्रांबद्दलच्या सूचना आणि मिनीगेमचे नियम मात्र चाचपडत समजून घ्यावे लागतील. इंग्रजी मिळत असेल तर थांबा.

बॅटरीची भीती गेम बॉयच्या जुन्या कार्ट्रिजची, अडगळ यांच्या 'डीलक्स' मध्ये ती आहे. डीएसच्या या कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी बॅटरी लागत नाही. भीती आहे ती नकली कार्ट्रिजची. विकणाऱ्यासमोर एक तारा मिळवा, सेव्ह करा, यंत्र पूर्ण बंद करा, परत चालू करून बघा. तारा तिथेच असेल तर घ्या. एवढं करू न देणाऱ्याकडून घेऊ नका.

लांबउडी

दुसऱ्या पर्यायासाठी 'कर्बी सुपर स्टार अल्ट्रा' (२००८). १९९६ च्या खेळाचा डीएसवरचा रीमेक. छोट्या छोट्या स्वतंत्र खेळांचा संच आहे, प्रवासासाठी अगदी योग्य. सपाट असल्याने आठ दिशांचा प्रश्नच येत नाही. सोपा आहे, पण नव्याने घातलेल्या शेवटच्या भागांत कर्बी चांगलाच घाम काढतो.

खास थ्रीडीएससाठीच हवं असेल तर 'डाँकी काँग कंट्री रिटर्न्स थ्रीडी' (२०१३). निंटेंडोच्या 'वी' या यंत्रावर हा खेळ सेकंदाला ६० चित्रांनी चालायचा, इथे ३० वर आलाय, तीक्ष्ण नजरेला कळतं. पण मूळ खेळ निर्दयी होता, इथे एक जास्तीचं हृदय देणारा प्रकार आहे आणि आठ नवीन लेव्हल आहेत.

अडगळ

आणि कधी जुना गेम बॉय हाती लागलाच तर १९९४ चा 'डाँकी काँग'. १९८१ च्या आर्केडच्या चार लेव्हल संपल्या की वाटतं झालं, आणि तिथून आणखी ९७ सुरू होतात. एकूण १०१. मोठ्या पडद्यावरचं कापून आणलेलं त्यात काही वाटत नाही, प्रत्येक लेव्हल त्या इवल्याशा पडद्याच्या मापाने शिवलेली आहे. हातातल्या यंत्रावरचा रीमेक म्हटलं की मी अजून त्याच्याशीच तुलना करतो, आणि 'मारिओ ६४ डीएस' त्यात हरतो. तरी घ्या.

टोपीवाला

ठरलं. इंग्रजी कार्ट्रिज शोधतो, सोबत कर्बी मिळाला तर तोही. चौकोनी पिक्सेल, टचस्क्रीनने सुरुवात करू की डी-पॅडने?

चौकोनी पिक्सेल

डी-पॅडने, आणि मारिओला सोडवेपर्यंत खेळाबद्दल मत बनवू नका. योशीचं तरंगत उडणं आठ दिशांच्या चुका बऱ्याच पोटात घालतं. मारिओ हाती आल्यावर खरी परीक्षा. तेव्हा अरुंद फळ्यांवर जमत नसेल तर टचस्क्रीन करून बघा, सेटिंग मधेही बदलता येतं.