वरून दिसणारे टेबल आणि समोरचे टेबल

पूल म्हणजे क्यू या काठीने पांढरा चेंडू मारून बाकीचे चेंडू टेबलाच्या भोकांत, म्हणजे पॉकेटांत, घालायचा खेळ. त्याच्या जुन्या व्हिडिओ गेममधले चेंडूंचे गणित खोटे असल्यामुळे ते खेळून खऱ्या टेबलावर काहीही उपयोग होत नाही, हे काही जणांचे मत मला निम्मेच पटते. कंपाइल कंपनीच्या १९८५ च्या ‘लूनर पूल’पुरते ते खरे आहे, त्यात चित्रविचित्र आकारांची ६० टेबले आहेत आणि घर्षण आपल्या मर्जीने इतके कमी करता येते की चेंडू थांबायचे नावच घेत नाहीत. डेटा ईस्टच्या ‘साइड पॉकेट’चे मात्र तसे नाही. त्यात पांढऱ्या चेंडूला नेमका कुठे टोला द्यायचा हे ठरवता येत असल्याने तो पुढे न्यायचा की मागे खेचायचा, याचा विचार करणे भागच पडते, आणि खऱ्या खेळातला निम्मा डाव तरी याच विचारावर चालतो.

अडचण वेगळीच आहे. पडद्यावर टेबल वरून दिसते. खऱ्या टेबलाशी वाकून हनुवटी क्यूच्या रेषेत आणली की तोच कोन फसवा वाटू लागतो. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्याच्या कॅसेटवर तरबेज झालेली मुले (पॅडची बटणे झिजेपर्यंत खेळलेली, हे वेगळे सांगायला नको) पुढे खऱ्या टेबलाशी उभी राहिली, तेव्हा कुठला चेंडू आधी घ्यायचा हे त्यांना बरोबर कळत होते, पण अगदी सरळ शॉटही पॉकेटच्या कडेला धडकून परत येत होता. हाताचा दंड स्थिर ठेवून कोपरातून क्यू सरळ चालवणे बटण दाबून येत नाही.