मदत हवी आहे: आईच्या डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात, त्या गळतात का?

नमस्कार मंडळी,

आईला पंचवीस वर्षं शुगर आहे. गेल्या महिन्यात तिला पेपरातल्या सुडोकूच्या चौकटी वाकड्या दिसायला लागल्या. तपासणीत पडद्याला सूज निघाली, शिवाय नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या. आता डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. (पहिल्या वेळी तिच्यापेक्षा मीच जास्त टरकले होते, ते असो.)

'व्हीईजीएफ' नावाचं प्रथिन वाढलंय, औषध त्याला अडवतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन वाचलं त्यातून एवढं उमगलं: साखरेमुळे पडद्यातल्या केशवाहिन्या बंद पडतात. एचआयएफ हे प्रथिन एरवी तयार होताच मोडीत निघतं, पण प्राणवायू कमी पडला की टिकून राहतं (याच शोधाला २०१९ चं नोबेल) आणि पेशीला व्हीईजीएफ बनवायला लावतं. ते जवळच्या वाहिनीपर्यंत पोचलं की तिला फांदी फुटते.

अडलंय ते पुढे. रक्त कमी पडतंय म्हणून वाहिनी आली, तर बरंच झालं ना? मग गळते का? हाक सगळ्या पेशींना जाते, तरी फांदी एकाच जागी कशी फुटते? आणि आईच्या पायाच्या अंगठ्याला जखम आहे. ती भरायलाही नव्या वाहिन्या लागणार, त्याच्या आड हे औषध येईल का?

माझं बी.एस्सी. बॉटनीतलं, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

प्रतिसाद १

ताई, अंगठ्याचं आधी. डोळ्यात जातं ते औषध साधारण ०.०५ मिली, म्हणजे थेंबभर. पण त्यातलं थोडं रक्तात उतरतं, म्हणून पुढच्या इंजेक्शनआधी जखमेचं डॉक्टरांच्या कानावर घालाच. आणि शुगरवाल्यांच्या पायाची जखम अंगावर काढू नका, वेगळी दाखवा.

आता फांदी. वाहिनीच्या अस्तरातल्या ज्या पेशीला व्हीईजीएफ जास्त मिळतं ती पुढे होते आणि अंगावर डीएलएल४ हे प्रथिन मिरवते. ते शेजारणीच्या 'नॉच' प्रथिनाला भिडलं की शेजारणीचं व्हीईजीएफ पकडणं कमी होतं. ती मागे राहून नळी लांबवते. पुढची पेशी बोटांसारखे बारीक धागे पसरून चाचपडत, जिकडे व्हीईजीएफ दाट तिकडे सरकते. हे प्रथिन पेशींबाहेरच्या जाळीला चिकटून राहतं म्हणून तो दाट-विरळ फरक टिकतो. उंदरांत फक्त न चिकटणारा प्रकार ठेवून पाहिला, तर वाहिन्या रुंद झाल्या आणि फांद्या कमी फुटल्या.

गळतीचं म्हणाल, तर तो व्हीईजीएफचा मूळचाच गुण. १९८३ साली ड्वोरॅक यांच्या गटाने ते शोधलं तेच मुळी 'वाहिनी झिरपवणारा घटक' म्हणून. वाहिन्या वाढवणारं म्हणून ते पुढे आलं १९८९ मध्ये. नवी वाहिनी पक्की करायला दुसरी प्रथिनं लागतात: पीडीजीएफ बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी बोलावतं, अँजिओपोएटिन-१ पेशी-पेशींमधले सांधे घट्ट करतं. मधुमेहात या पेरिसाइट आधीपासूनच मरत असतात. त्यामुळे वाहिनी कच्चीच राहते, झिरपते, कधी फुटतेही.

धागाकर्ती

खूप आभार! अंगठ्याचं मी डोळ्याच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. सोमवारी पुढचं इंजेक्शन आहे, आजच फोन करते.