ब्रच्को नक्की कुणाचं?

रानवारा:
बोस्नियाचा नकाशा बघत बसलो होतो, देशाचे दोन भाग, एकीकडे फेडरेशन (बोस्नियाक म्हणजे तिथले मुस्लिम, आणि क्रोएट यांचं) आणि एकीकडे रिपब्लिका स्र्पस्का (सर्बांचं), इथवर कळलं. पण उत्तरेला सावा नदीच्या काठी ब्रच्को म्हणून बारकासा भाग वेगळ्याच रंगात आहे. नदीवरचं बंदर आहे म्हणतात. मग ते कुणाच्या ताब्यात, आणि त्याचे एवढे लाड कशाला?

ओसरी:
दोघांचंही आणि कुणाचंच नाही 😄 कागदावर जमीन दोघांची सामायिक, पण कारभारात दोघांनीही नाक खुपसायचं नाही. स्वतःची असेंब्ली, पोलीस, कोर्ट, बजेट, सगळं वेगळं. नकाशा परत उघडा, स्र्पस्काचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारी पट्टी इथेच एकदम चिंचोळी होते, ती गेली की त्यांचे दोन तुकडे, म्हणून सर्ब सोडेनात, आणि बोस्नियाक-क्रोएट म्हणायचे की युद्धाआधी इथे बहुसंख्य आम्ही, शिवाय सावेवरचं बंदर आणि पुलापलीकडे लगेच क्रोएशिया, आम्ही का सोडावं. 1995 ला ते युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारात बाकीचं कसंबसं जमलं, यावर घोडं अडलं ते अडलंच, मग लवादाकडे दिलं. निकाल मार्च 1999 चा, डिस्ट्रिक्ट सुरू झालं 8 मार्च 2000 ला.

रानवारा:
अच्छा. मग तिथली माणसं नागरिक कुणाची?

ओसरी:
बोस्नियाची तर आहेतच, वर फेडरेशन की स्र्पस्का ते ज्याचं त्याने निवडायचं. शेजारीशेजारी राहून वेगवेगळं निवडलेले असू शकतात.

कडूगोड:
मला तर शाळांचं जास्त कौतुक वाटतं. त्याच देशात काही गावांत एका छपराखाली दोन शाळा भरतात, बोस्नियाक पोरं वेगळी, क्रोएट वेगळी. ब्रच्कोत तिन्ही समाजांची पोरं एकाच वर्गात, कुणी लॅटिन लिपीत लिहितं कुणी सिरिलिकमध्ये. पण फार भारावून जाऊ नका हां, हे गावाने एकत्र बसून ठरवलेलं नाही, बाहेरून देखरेखीला नेमलेला अमेरिकन सुपरवायझर होता, त्याच्या हातात कायदे लादण्याइतकी पॉवर होती, त्याने करायला लावलं. ती देखरेख थांबली थेट ऑगस्ट 2012 मध्ये.

पायवाट:
आणि ॲरिझोना मार्केट राहिलंच की! युद्धानंतर नाटोच्या चेकपोस्टजवळ तिन्हीकडचे लोक येऊन विकायला बसू लागले, सैनिकांनी त्या रस्त्याला ॲरिझोना असं कोडनेम दिलेलं, तेच बाजाराला चिकटलं. स्मगलिंग आणि त्याहून वाईट धंदेही तिथे चालायचे, पण कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणारे तिथे भावावरून घासाघीस करत होते 🙂