उधन्याहून येणारा अहिराणी कवी: वेळ, मानधन, माईक कसं बसवावं?

बोरीकाठ
अमळनेरच्या आमच्या वाचनालयात कविवाचन आहे. मुख्य कवी मूळचे शिंदखेडा तालुक्यातले, आता सुरतच्या उधना भागात लूमवर (यंत्रमागावर) कामाला, लिहितात अहिराणीत, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीत. शिवाय नऊ स्थानिक कवी. कानबाईला, म्हणजे श्रावणातल्या आपल्या खानदेशी सणाला, सुरतची मंडळी गावी येतात म्हणून तोच रविवार धरलाय, वेळ अडीच तास. काही सभासद म्हणतात, पाहुण्यांनी गावाकडच्याच कविता वाचाव्यात. क्रम आणि मानधन कसं ठरवायचं?

पांझराकाठ
रविवार सोडा भो. कानबाई रविवारी बसते, रात्री जागरण, सोमवारी विसर्जन. कोण येणार? मंगळवारी संध्याकाळी साडेसहा बरं, पण पाहुण्या कवीला तोवर सुट्टी आहे का ते आधी विचारा. लूमवर मजुरी मीटरवर आणि पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची. एक खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. म्हणून मानधन धरताना खाड्याची भरपाई, जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं आणि वाचनाचे वेगळे. आकडा बोलावतानाच सांगायचा. "नंतर बघू" म्हटलं की पाहुणा मागत नाही आणि पाकीट राहून जातं.

अडीच तास फार होतात, दीड पुरे. मुख्य कवीला सलग 30 मिनिटं. वीस ओळींची कविता आधीच्या दोन शब्दांसह अडीच-तीन मिनिटं घेते, म्हणजे दहा कविता आणि दोन राखीव. स्थानिकांना एकेकच कविता, उठबस धरून चार मिनिटं. नऊ जणांची 36. पाच आधी, चार नंतर. सगळे आधी घेतले तर पाहुणा उभा राहतो तेव्हा लोक चपला शोधत असतात. मागचे चार कोण, ते तिथेच चिठ्ठ्या टाकून काढा, म्हणजे आपली वाचून पळायची सोय राहत नाही.

तापीकाठ
माईकवाला भजनाचा असेल तर त्याच्या ॲम्प्लिफायरवर इको चढवलेला असतो. तो शून्यावर आणा, नाहीतर अहिराणीतले शेवटचे स्वर एकमेकांत मिसळतात. माईक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. वरचा पंखा बंद. कवितांचे कागद 16 पॉइंटमध्ये, एका पानावर एकच कविता.

श्रोत्यांसाठी दोन-तीन कवितांचा कागद छापा, पण ओळी मराठीत "सुधारू" नका. सुरतेच्या लूमवरचे गुजराती शब्द आलेच तर खाली अर्थ द्या: सांचा म्हणजे माग, खातं म्हणजे मागांचा कारखाना. शुद्धलेखन कवीचंच ठेवा, आणि छापण्याआधी प्रूफ त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा.

सातपुडा
"गावाकडच्याच कविता" ही अट घालूच नका. सुरतेला गेलेल्या माणसाकडून गावची आठवण एवढंच मागायचं, मग सुरतच्या उधना, लिंबायत भागांतल्या कविता त्यांनी कुठे वाचायच्या? ज्यांचे भाऊ तिकडे आहेत तेच तुमचे श्रोते. निवड त्यांची, तुम्ही वेळ सांभाळा.

बोरीकाठ
पटलं. सत्कार किती जणांचा? यादीत आत्ताच अकरा नावं आहेत.

पांझराकाठ
एकाचा. अकरा शाली म्हणजे वीस मिनिटं, कवीच्या वाट्यातली. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांना 'बालकवी' पदवी मिळाली ती कविता ऐकल्यावर. तुम्हीही शाल वाचन संपल्यावरच द्या. परिचय दोन मिनिटांचा, लिहून, आधी त्यांना दाखवून.

तापीकाठ
फेसबुक लाइव्ह करणार असाल तर आधी विचारा. दिवाळी अंकांना बहुधा अप्रकाशित कविता लागते. ती लाइव्ह गेली की कवीची अडचण. आणि पुस्तकांचं टेबल दारापाशी, सुट्टे पैसे आणि कवीचाच क्यूआर कोड ठेवून.