पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणातील कळांमध्ये किती फरक असतो?

रानजाई:
मला सध्या छत्तिसावा आठवडा सुरू असून हे माझे दुसरे बाळंतपण आहे. पहिल्या खेपेस कळा सुरू होण्याआधीच पाणी गेले होते. रुग्णालयात दाखल झाल्यावर बराच वेळ वाट पाहून डॉक्टरांनी सलाईनमधून कळांचे औषध सुरू केले आणि त्यानंतर ज्या कळा आल्या, त्या थोड्याच वेळात इतक्या जोरदार आणि लागोपाठ येऊ लागल्या की हलक्या कळांनी हळूहळू सुरुवात होते, हे इतर बायकांकडून ऐकलेले वर्णन माझ्या वाट्याला आलेच नाही. त्यामुळे एक बाळंतपण होऊनही आपोआप सुरू होणारी कळ ओळखायची कशी, हे मला सांगता येत नाही.

सध्या संध्याकाळी, विशेषतः थोरल्याला कडेवर घेऊन जिना चढल्यावर, संपूर्ण पोट टणक होते, अर्धा मिनिट तसेच राहते आणि मग सैल पडते. दुखत मात्र नाही. आमचे घर मेढ्याच्या पुढे डोंगरात आहे आणि साताऱ्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचायला रात्रीच्या वेळी तासाभराहून अधिक लागतो. सासूबाई म्हणतात की दुसरे बाळंतपण झटपट होते, आणि डॉक्टर म्हणतात की कळा सुरू झाल्या की या. पण कोणत्या कळा सुरू झाल्यावर निघायचे? ज्यांची एकाहून अधिक बाळंतपणे झाली आहेत, त्यांनी प्रत्येक वेळी कळ नेमकी कुठे आणि कशी जाणवली, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

शेवंती:
माझी तिन्ही बाळंतपणे नैसर्गिक झाली आणि तिन्ही वेळा कळांचे रूप निराळे होते.

पहिल्या वेळी पाळीच्या आदल्या दिवशी दुखते तसे ओटीपोट आणि कंबर दुखू लागली. कळ कंबरेतून निघून दोन्ही बाजूंनी पुढे येई, मांड्या भरून येत आणि मग ती जिरून जाई. दोन कळांच्या मधल्या वेळात मी चक्क जेवले, केस विंचरले, बॅगेतले सामान पुन्हा एकदा पाहिले. हे रात्रभर चालले. खरा फरक दुसऱ्या दिवशी कळला, तो असा की कळ चढत असताना माझे बोलणे आपोआप थांबायचे आणि ती ओसरेपर्यंत समोरच्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे अशक्य व्हायचे.

दुसऱ्या वेळी पोटात फारसे काही जाणवलेच नाही. सगळे दुखणे माकडहाडाच्या वर, तळहाताएवढ्या जागेत एकवटले होते, आणि कळ गेल्यावरही तिथली ठणक पूर्णपणे थांबत नव्हती. बाळाचे डोके खाली असले तरी त्याची पाठ माझ्या पाठीकडे आहे, असे तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितले. उताणे झोपणे मला मुळीच सहन होत नव्हते. गुडघे आणि हात टेकून ओणवे राहिल्यावर आणि आईने तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने कंबर जोरात दाबून धरल्यावरच थोडा आराम पडे, आणि तो दाब कळ सुरू होताच द्यावा लागे, कारण ती शिगेला पोहोचल्यावर कुणी हात लावलेलाही नको वाटे.

तिसऱ्या वेळी आधीचे कित्येक दिवस संध्याकाळी कळा येत आणि झोपल्यावर नाहीशा होत. मग एके दिवशी पोळ्या लाटत असताना जी कळ आली, तिच्यानंतर मला ओटा धरून उभे राहावे लागले, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत परसाकडे लागल्यासारखा दाब खाली येऊ लागला होता. तिन्हींमध्ये हे सर्वांत कमी वेळाचे बाळंतपण होते, पण मला विचाराल तर सोपे म्हणता येणार नाही, कारण दोन कळांच्या मध्ये श्वास घ्यायलाही उसंत मिळाली नाही. तेव्हा सासूबाईंचे झटपट हे वेळेपुरते खरे धरावे.

निवृत्त परिचारिका:
मी अनेक वर्षे प्रसूती विभागात काम केले आहे, म्हणून शेवंतीताईंच्या अनुभवामागची कारणे सांगते.

बाळंतपणाच्या पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि गर्भपिशवीचे तोंड ताणले जाते. तिथल्या वेदना वाहून नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर कंबर आणि ओटीपोटाच्या त्वचेच्या नसाही पोहोचतात, त्यामुळे कळ कुणाला कंबरेत, कुणाला पुढे, तर कुणाला मांड्यांत जाणवते. दुसऱ्या टप्प्यात बाळाचे डोके खाली उतरून योनीमार्ग आणि गुदद्वारावर दाब देऊ लागते, तेव्हा दुखण्याची जात बदलते आणि जोर लावण्याची ऊर्मी येते.

पहिलटकरणीच्या पिशवीचे तोंड साधारणपणे आधी पातळ होते आणि नंतर उघडते. नंतरच्या बाळंतपणांत या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकदमच होतात, शिवाय ओटीपोटाचा तळ आधी एकदा ताणलेला असल्याने खालचा अडसरही कमी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पिशवीचे तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यापासून जोमदार टप्पा सुरू झाला असे मानतात, आणि तिथून पूर्ण उघडेपर्यंतचा काळ पहिल्या बाळंतपणात सहसा १२ तासांपेक्षा आणि पुढच्यांत १० तासांपेक्षा अधिक लांबत नाही. या कमाल मर्यादा आहेत. प्रत्यक्षात दुसरेपणाच्या बऱ्याच बायका याहून पुष्कळ लवकर मोकळ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्याआधीच्या संथ टप्प्याला मात्र असा ठरावीक काळ नाही, आणि तो दुसऱ्या खेपेलाही रेंगाळू शकतो.

रानजाईताई, सलाईनमधून दिले जाणारे कळांचे औषध, म्हणजे ऑक्सिटोसिन, थेट रक्तात जाते आणि कळा नियमित येईपर्यंत त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवले जाते, म्हणून हलक्या कळांचा लांबलचक काळ त्यात बराचसा आटोपतो. त्यातच तुमचे पाणी आधीच गेलेले होते. त्यामुळे त्या कळांवरून या वेळच्या कळांचा अंदाज बांधू नका.

पोट टणक होऊन न दुखता सैल पडते, त्या सरावाच्या कळा असाव्यात. ब्रॅक्स्टन हिक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर त्यांना त्याच नावाने ओळखतात. दुसऱ्या खेपेस त्या लवकर आणि अधिक स्पष्टपणे जाणवतात. लघवीला जाऊन यावे, दोन भांडी पाणी प्यावे आणि डाव्या कुशीवर पडून राहावे. खोट्या कळा बहुधा विरतात, खऱ्या कळा कशानेही थांबत नाहीत आणि त्यांच्यातले अंतर कमी होत जाते. अंतर मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोजावे; बऱ्याच घरांत कळ संपल्यापासून मोजतात आणि आकडा चुकतो. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: तुमचे सदतीस आठवडे अजून पूर्ण झालेले नाहीत. तोवर ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, तर त्या दुखत नसल्या तरी वाट न पाहता त्याच वेळी तपासून घ्या.

सदतीस आठवड्यांनंतर काय करायचे, तर शहरातल्या पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी कळा येईपर्यंत घरी थांबायला सांगतात, तो हिशोब तुमच्यासाठी नाही. दहा मिनिटांच्या आसपास नियमित कळा सुरू होऊन त्यांचा जोर वाढतो आहे असे दिसले की निघावे. पाणी गेले, रक्त गेले, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा पोट सैल न पडता सतत टणक राहून दुखू लागले, तर कळांची वाटच पाहू नये. सरकारी रुग्णालयात नाव घातले असेल, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली ने-आण मोफत असते. १०२ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकाबद्दल तुमच्या आशाताईंशी आताच बोलून ठेवा. आणि जोर लावण्याची ऊर्मी घरीच आली, तर रात्री घाट उतरण्याच्या भरीस न पडता १०८ ला फोन करून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

कृष्णकमळ:
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझे पहिले बाळ सिझेरियनने झाले, तेही कळा न येता, त्यामुळे दुसऱ्या वेळी कळांच्या बाबतीत मी पहिलटकरीणच होते. रात्री पंधरा मिनिटांनी येणाऱ्या कळा सकाळी थांबायच्या आणि पुढच्या रात्री पुन्हा सुरू व्हायच्या. तपासणीत दोनच बोटे तोंड उघडले आहे, असे ऐकून निराशा होई. कळांनी जोर धरल्यावर मात्र दुपारपर्यंत मुलगी झाली. आधी सिझेरियन झालेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की कळ ओसरल्यावरही जुन्या टाक्याच्या जागी दुखत राहिले, तर ते लगेच सांगायचे असते. मला डॉक्टरांनी हे दाखल होतानाच बजावले होते आणि बाळाचे ठोके सतत पाहिले जात होते. अशा वेळी घरी कळा मोजत बसू नये.

रानजाई:
सर्वांचे आभार. कालच्या कळा डाव्या कुशीवर पडल्यावर थांबल्या, तरीही उद्या तपासणीला जात आहे. आणखी दोन शंका आहेत. मला पाळीत पूर्वीपासून फार दुखते, त्यावरून कळांचा अंदाज येतो का? आणि बाळ झाल्यावरही दुसरेपणाला पोटात जोरात दुखते, असे जाऊबाई म्हणाल्या, ते खरे आहे का?

निवृत्त परिचारिका:
पहिल्या शंकेचे उत्तर, थोडाफार येतो. वेदना मोजण्याची प्रश्नावली तयार करणारे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी बाळंतिणींवर अभ्यास केला, तेव्हा पाळीत अधिक दुखणाऱ्या स्त्रियांनी कळाही अधिक तीव्र असल्याचे सांगितले होते, आणि पहिलटकरणींच्या वेदना इतरांपेक्षा सरासरीने अधिक होत्या. तरीही एकीच्या आणि दुसरीच्या वेदनांत प्रचंड तफावत आढळली, म्हणून हे सरासरीचे गणित स्वतःला लावून घाबरण्यात अर्थ नाही. एपिड्युरल, म्हणजे कळांचे दुखणे कमी करण्यासाठी पाठीतून दिले जाणारे औषध, हवे असेल, तर तुमच्या रुग्णालयात ते रात्रीही मिळते का, हे उद्याच विचारून ठेवा.

जाऊबाई म्हणतात ते खरे आहे. गर्भाशय पुन्हा लहान होताना कळा येतात. पहिल्या बाळंतपणानंतर त्या फारशा जाणवत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस मात्र चांगल्याच दुखतात आणि अंगावर पाजायला घेतल्यावर वाढतात, कारण बाळ ओढू लागले की शरीरात ऑक्सिटोसिन सुटते. दोन-तीन दिवसांत त्या कमी होतात. पाजण्यापूर्वी लघवी करून घ्यावी, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय नीट आवळले जात नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घ्यायलाही हरकत नसते. तासाभरात पूर्ण पॅड भिजेल इतके रक्त जाऊ लागले, ताप आला किंवा स्रावाला दुर्गंधी येऊ लागली, तर मात्र या नेहमीच्या कळा समजून घरी थांबू नये.