फटीत साचलेलं पाणी कातळ फोडतं का? डोंगरकापणी आणि शॉटक्रीट

पेडणेकार: आमच्याकडे रस्त्यासाठी डोंगर उभा कापला की जाळी मारून वर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने मारलेलं काँक्रीट, फवारतात. पाणी आत जायलाच नको म्हणे! अहो, ते माथ्यावरून, मागून, कुठूनही मुरतंच. बाहेर पडायला नळ्या ठेवल्या नाहीत तर तो लेप म्हणजे बाटलीला मारलेलं बूच. हिशेब करा: फट 2 मिलिमीटर रुंद, 15 मीटर खोल, 1 मीटर लांब. पाणी मावतं जेमतेम 30 लिटर. पण काठोकाठ भरली की आडवा रेटा सुमारे 112 टन. दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवर.

सांगेवासी: आकडा भारी आहे, पण तळाशी दाब किती? चौरस सेंटीमीटरला दीड किलो. धड कातळ एवढ्याने फुटत नाही. बोअरवेलचं पाणी वाढवायला हायड्रोफ्रॅक्चरिंग करतात, म्हणजे पाण्याच्या दाबाने खडकातल्या फटी उघडतात, तिथे पॅकर (बोअर बंद करणारं बूच) लावून पंपाने याच्या कितीतरी पट दाब द्यावा लागतो. शिवाय तुमची फट दुप्पट रुंदावली की पातळी निम्म्यावर, रेटा पावावर. झालं, संपला खेळ.

पेडणेकार: संपतो कसा? पंपाचं काम जुलैचा पाऊस करतोय ना! आणि धड कातळाचं कोण बोलतंय? ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 साली काचेवर दाखवलं की ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो. तडा चौपट लांब असेल तर निम्म्या दाबात पुढे सरकतो. म्हणजे आधीच तडकलेल्याला कमी पुरतं.

चिरेखाण: दोघेही कातळ धरून बसलात. आपल्याकडे वर जांभा, खाली शेडी, म्हणजे पाणी न झिरपू देणारी चिकण माती. जांभ्यातून पाणी सरळ उतरतं, शेडीवर अडतं, आणि वरचा थर तिच्यावरून घसरतो. फुटायचा प्रश्न येतोच कुठे?

सांगेवासी: हेच म्हणतोय मी. फ्रान्सचं मालपासे धरण 1959 मध्ये गेलं, चारशेवर माणसं मेली. डाव्या काठाच्या खडकात फटींमध्ये पाण्याचा दाब चढला आणि खडकाचा मोठा तुकडाच सरकला. पाण्याने दोन पृष्ठं एकमेकांवरून उचलून धरली की घर्षण कमी होतं. दोष सरकण्याचा, फुटण्याचा नव्हे.

पेडणेकार: बाबा, सरकण्याआधी दोन फटींच्या मधला शाबूत खडक तुटावा लागतो, तो कोण तोडतं? आणि तुमचं सगळं मान्य केलं तरी औषध तेच: दाब उतरवा. बाहेरच्या बाजूला उतार दिलेल्या नळ्या, आतल्या तोंडाला जाळी, माथ्यावर चर.

सांगेवासी: चराला माझा विरोध कधीच नव्हता, उलट आधी चर, मग नळ्या. पण शॉटक्रीट नको म्हणाल तर उघडी शेडी पहिल्या पावसातच रस्त्यावर येईल.

चिरेखाण: नळ्या असतात हो. परवा एका कापणीपाशी थांबून पाहिलं, अर्ध्यांच्या तोंडात चिखल वाळून घट्ट बसलेला. आत काठी घातली तर वीतभरही जाईना. मे महिन्यात त्या उपसायचं काम कंत्राटात असतं का, ते आधी विचारा.

पेडणेकार: नसतंच बहुतेक. आणि तोंड बंद असलेली नळी म्हणजे शॉटक्रीटच की!