मागचे एक्सल शाफ्ट बदलल्यावर डाव्या चाकातून घरघर, ड्रम तापतो, तेलही गळते

संत्रापट्टी_वरुड
मागचा डावा शाफ्ट स्प्लाइनजवळ (आतल्या टोकाच्या दात्यांजवळ) तुटला म्हणून दोन्ही बाजूंचे शाफ्ट, बेरिंग, कॉलर (बेरिंग जागेवर धरणारी घट्ट कडी) आणि ऑइल सील नवीन टाकले. गाडी पिकअप, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि ड्रम ब्रेक. आता चाळिशीच्या वर गेलं की डावीकडून घरघर सुरू होते. उजव्या वळणावर वाढते, डाव्या वळणावर दबते. वीसेक किलोमीटरनंतर डावा ड्रम हात टेकू देत नाही, उजवा नुसता कोमट असतो. ड्रमखाली तेलाचा ओघळही आहे. मिस्त्री म्हणतात, नवीन बेरिंग आहे, चालून चालून बसेल. संत्र्याची तोड सुरू आहे, मोर्शीला भरून खेपा आहेत. थांबावं का?

जीपवाला_अकोट
थांबा भाऊ, भरलेली खेप तर नकोच. या एक्सलमध्ये चाक शाफ्टच्या फ्लँजवर (टोकाच्या चकतीवर) असतं आणि शाफ्टला धरून ठेवणारं फक्त बेरिंग आणि कॉलर. कॉलर सरकली तर शाफ्टसकट चाक बाहेर येतं.

नवीन बेरिंगला बसायला वेळ लागत नाही, ते पहिल्या फेरीपासून गुपचूप चालायला हवं. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे तुमचा आवाज डाव्या बेरिंगचाच वाटतो. क्राउन-पिनियनचा (मधल्या डिफरन्शियलमधल्या गिअरचा) आवाज एक्सिलरेटर सोडला-दाबला की बदलतो. टायरचा डांबरीवरून सिमेंट रस्त्यावर गेलं की बदलतो.

खात्री अशी करा: पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागून जॅक लावून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एका हाताने चाक फिरवा, दुसरा पाट्यावर ठेवा. बेरिंग खराब असेल तर खरखर पाट्यातून हाताला लागते. चाक मुळातच जड फिरत असेल तर आधी हँडब्रेकची केबल आणि शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) पाहा. घासणारा ब्रेकही ड्रम असाच तापवतो.

खराद_यवतमाळ
माझा संशय बेरिंग शाफ्टवर दाबून बसवताना झालेल्या गडबडीवर. शाफ्टवर आधी रिटेनर प्लेट (बेरिंगला एक्सलवर बोल्टने धरणारी पट्टी), मग बेरिंग, शेवटी कॉलर. दाब फक्त आतल्या रेसवर (बेरिंगच्या आतल्या कडीवर) द्यायचा. बाहेरच्या रेसवर दिला किंवा घनाने ठोकलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक खळगे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण घरघर तिथूनच सुरू होते.

बेरिंग आणि कॉलर वेगवेगळी दाबा. एकदम दाबली तर बेरिंग खांद्याला टेकलं की नाही ते कळत नाही. नंतर दोघांच्या मधे 0.05 मिलिमीटरची फीलर पाती (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहा, शिरता कामा नये. जुनी कॉलर परत कधीच नाही, एकदा ताणली की पकड गेली. ती काढताना ग्राइंडरने अर्धीअधिक कापून छन्नीने फोडायची. गॅस कटर लावला तर शाफ्टचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं. सीलबंद बेरिंगलाही गॅस दाखवू नका, आतलं ग्रीस जळतं.

बेरिंग शाफ्टवर हाताने सरकत असेल तर शाफ्टच परत करा. पंचचे ठिपके मारून किंवा वेल्डिंगचा थर देऊन काम भागवू नका, शाफ्ट पुढे तिथेच तुटतो. जुन्या तुकड्यांशी लांबी आणि स्प्लाइनचे दातही जुळवा. बऱ्याच गाड्यांत डावा-उजवा सारखा नसतो. लांब शाफ्ट आत डिफरन्शियलमध्ये टेकला की बेरिंगवर आडवा दाब येतो आणि ते तापतं.

कास्तकार_मोटर_वर्धा
ब्रीदर पाह्यला का भाऊ? हाऊसिंगवरचा (एक्सलच्या बाहेरच्या नळीवरचा) तो लहानसा श्वासनळीचा बोल्ट पांदणीतल्या काळ्या मातीनं बुजला की आतली गरम हवा कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. नवीन सील टाकलं तरी पुन्हा तेच. तेल घट्ट आणि गंधकाच्या वासाचं असेल तर गिअर ऑइल. पातळ असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे चाकातला ब्रेकचा व्हील सिलिंडर गळतोय, ते वेगळं काम.

सीलची ओठाची बाजू डिफरन्शियलकडे, ओठाला तेल, आणि शाफ्ट आत घालताना त्याचं वजन हातावर तोलायचं. स्प्लाइन घासली की ओठ कापला. तेलात भिजलेले शू पेट्रोलनं धुऊन चालत नाहीत, दोन्ही चाकांचे बदला.

अन् शाफ्ट ओझ्यानं तुटला असेल तर हाऊसिंग वाकलं का ते पाहा. दोन्ही मागच्या टायरमधलं अंतर एक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजा, जास्त फरक आला तर किती बेरिंग टाकली तरी जातील. डाल्याला (मागच्या माल ठेवायच्या भागाला) वेल्डिंग केलं असेल तर वेल्डिंगची अर्थिंगची तार चाकाला लावली होती का, हेही विचारा. करंट बेरिंगमधून गेला की रेस जळते.

संत्रापट्टी_वरुड
खोललं. कॉलर आणि बेरिंगमध्ये जवळपास एक मिलिमीटर फट, सीलचा ओठ कापलेला, ब्रीदर मातीनं गच्च. शाफ्टची लांबी जुळते, हाऊसिंगचं माप दोन्हीकडे सारखं. हेच बेरिंग परत दाबून चालेल का?

खराद_यवतमाळ
नाही. तापलेलं आणि ओढून काढलेलं बेरिंग परत घालू नका, कॉलर आणि सीलही नवीन. बेरिंगची जागा मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजून घ्या. तिथे निळसर डाग किंवा बेरिंग फिरल्याची रेघ दिसली तर शाफ्टही बाद. गिअर ऑइलची लेव्हल सपाट जागेवर, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. रिकाम्या गाडीने वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा, दोन्ही ड्रम हाताने तपासा, रिटेनर प्लेटचे बोल्ट परत ठरलेल्या टॉर्कवर (जोरावर) कसून घ्या. दोन्ही बाजू सारख्या कोमट असतील तर क्रेट भरा.